पॉवर बँक फुल्ल, तरी फोन रडतखडत चार्ज होतो?

आधी केबल बदला. लांब, बारीक तारेच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं, मग फोन करंटच कमी ओढतो. मीटरभराच्या आतली जाड केबल लावल्यावर माझ्याकडे प्रश्न सुटला. तरी फरक नाही? मग फोनच्या पोर्टात टॉर्च मारून बघा. खिशातला कापसासारखा मळ तळाशी दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच उकरा; सुई अजिबात नको.

बाकी १०,००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) पॉवर बँकेत ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल ही आशा सोडा. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. फोनला देण्यासाठी त्याचे ५ व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. दीड वेळा भरला तरी पुष्कळ. विमानात बँक केबिन बॅगेतच ठेवा.