अंदमानात वामकुक्षी परवडत नाही

सोसायटीतली बारा-चौदा माणसं डिसेंबरात अंदमानला निघणार असाल, तर दिवस पुण्याच्या सवयीने आखू नका. घड्याळ तेच, पण सूर्य तासभर आधी, पाचच्या सुमारासच मावळतो. आमच्या घोड्याने तिथेच पेंड खाल्ली. एक ते चार झोप, मग चहा, मग काकूंची टोपी सापडेना. स्वराज द्वीपच्या (जुनं हॅवलॉक) राधानगर किनाऱ्यावर पोचलो तेव्हा काळोखात नुसता लाटांचा आवाज! दुसऱ्या दिवशी सहालाच बाहेर पडलो, तेव्हा चांगलं उजाडलेलं होतं आणि सगळा किनारा आमचाच.

वंडूरचं सागरी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तो वार प्रवासात घालवा. बोटी हवामानावर चालतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) मुक्कामाला या. ग्रुपमध्ये एकाला तरी हे पटत नाही. त्याच्याकडे हिशेबाची वही द्या, म्हणजे तो गप्प बसतो.

आणि पोरांचे खिसे तपासा. प्रवाळाचा तुकडा उचलणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी.