ससा हसरा, वेष प्रेताचा: जपानी ठशांतल्या या चुका टाळा

जपानमध्ये प्रत्येक वर्ष बारा प्राण्यांपैकी एकाचं असतं; तो प्राणी लाकडी फळीवर कोरून नववर्षाच्या कार्डावर छापता येतो. किमोनो घातलेला ससा कोरायला घेताय? आधी त्याच्या गळ्याशी बघा. किमोनोचा डावा पदर उजव्यावर येतो. डावा म्हणजे नेसणाऱ्याचा. आपल्याला तो समोरून उजवीकडून आलेला दिसतो. उलटा पदर फक्त प्रेताला. आणि चित्र थेट फळीवर काढून कोरलं की छापताना नेमकं हेच उलटतं.

एका कार्यशाळेत कुणीतरी चहा ओतणारा ससा असाच कोरला. कान झकास, मिशा केसाएवढ्या बारीक, रंगांच्या तीनही फळ्या तयार. पहिला कागद उचलला, तर नववर्षाच्या कार्डावर ससा अंत्ययात्रेच्या वेषात! याला डागडुजी नाही, सगळं पुन्हा मुख्य फळीपासून, म्हणजे रेघांच्या फळीपासून. म्हणून चित्र पातळ कागदावर काढा आणि खळ लावून फळीवर पालथं चिकटवा. वाळलं की ओल्या बोटाने वरचा थर हलक्या हाताने चोळून काढा, रेघा स्पष्ट दिसतात. एडो काळातले (सतरावं ते एकोणिसावं शतक) जपानी कारागीरही चित्र पालथंच चिकटवत. कार्बन पेपरने दहा मिनिटं वाचतात खरी, पण घाईत चित्र उलटं करायचंच राहून जातं.

दुसरं दुखणं, रंग रेघेबाहेर सरकणं. कागद बसवायच्या दोन खुणा, म्हणजे केंतो, प्रत्येक फळीवर पट्टीने मोजून कोरणारे लोक आहेत. त्यांच्या वाघाचा पिवळा रंग शेजारच्या बांबूवर चढतो. केंतो मुख्य फळीवरच कोरा, त्यासकट पातळ कागदावर ठसे घ्या आणि ते रंगाच्या फळ्यांवर पालथे चिकटवून कोरा. तरीही सरकलं, तर दोष कागदाचा. ओला कागद ताणतो, सुकताना आक्रसतो. सकाळची रेघ आणि दुपारचा रंग जुळत नाहीत. आदल्या रात्री एक कागद ओला, दोन कोरडे असा गठ्ठा रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. गालाला गार लागावा, ओला नाही. छपाई चालू असतानाही गठ्ठा झाकलेलाच ठेवा. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, फ्रिजमध्ये ठेवा.

रंगात तिळासारखे पांढरे ठिपके? कागद कोरडा, रंगासोबतची खळ कमी किंवा बारेनवर, म्हणजे कागद पाठीमागून घासायच्या चकतीवर, जोर कमी. पोस्टकार्डाएवढ्या फळीला हरभऱ्याएवढी खळ पुरते. जास्त झाली तर रंग कडेला साचतो.

वाघ फोटोवरून काढू नका. एडोच्या बहुतेक चित्रकारांनी जिवंत वाघ पाहिलाच नव्हता. कातडी आणि मांजरं बघून काढलेला तो वाघ मुळातच जरा बावळट दिसतो, तोच हवा.

विनोद दात विचकण्यात शोधू नका. एकोणिसाव्या शतकातला ठसे-चित्रकार कुनियोशी, त्याचे प्राणी माणसांची कामं गंभीर चेहऱ्याने करतात, म्हणून हसू येतं.

त्याचा शिष्य योशितोरा याने १८५८ मध्ये बाराही प्राणी एकाच शरीरात बसवले. ते बघून पहिल्याच फळीवर तसलं काही कोरायला जाऊ नका.

मांजर या बारांत नाही. तरी दरवर्षी कुणीतरी कोरतंच.

आणि वर्ष तपासा. जपानने १८७३ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली; तिथे नववर्ष १ जानेवारीला, चिनी नववर्षाची वाट बघायची नाही. २०२७ मेंढीचं. लोकरीचे वळसे कोरायला वेळ लागतो, फळी आत्ताच आणून ठेवा.