जुन्या कार्ट्रिजसाठी गेमबॉय निवडताना

गेमबॉय, म्हणजे निन्टेंडोचे हातात धरून खेळायचे यंत्र, शोधण्याआधी आपल्याकडे कोणती कार्ट्रिज (खेळ साठवलेल्या, यंत्रात बसवायच्या डब्या) आहेत ते पाहावे. १९८९ च्या मूळ गेमबॉयपासून गेमबॉय ॲडव्हान्सपर्यंतचे खेळ एकाच यंत्रावर खेळायचे असतील, तर २००३ साली आलेला, घडी होणारा ॲडव्हान्स एसपी मला सर्वांत समाधानकारक वाटतो. निन्टेंडोच्याच नंतरच्या डीएस लाइट या यंत्रावर ॲडव्हान्सची कार्ट्रिज चालतात, त्याआधीची चालत नाहीत.

जुना एसपी घेताना पडदा नीट तपासावा, कारण सुरुवातीच्या एजीएस-००१ या मॉडेलमध्ये प्रकाश समोरून पडत असल्याने रंग फिकट दिसतात, तर नंतरच्या एजीएस-१०१ मध्ये तो मागून येत असल्याने चित्र उठून दिसते. खालच्या भागात मधोमध असलेले प्रकाशाचे छोटे बटण दाबावे: दिवा पूर्ण विझला तर पहिला प्रकार, उजेड नुसता कमी-जास्त झाला तर दुसरा. बिजागरीला तडा नाही ना, हेही पाहावे.

नवेच यंत्र हवे असेल, तर याच कार्ट्रिजवर चालणाऱ्या, ॲनालॉग कंपनीच्या २०२१ च्या ॲनालॉग पॉकेट या यंत्राचा १६००×१४४० ठिपक्यांचा पडदा मूळ गेमबॉयचा प्रत्येक ठिपका दहापट रुंद आणि उंच, पण रेखीव दाखवतो. खेळ सेव्ह होत नसेल, तर यंत्राला दोष देण्याआधी कार्ट्रिजमधला सेल संपला आहे का, हे तपासावे.