सकाळचा पेपर आणि संध्याकाळची शिफ्ट

मानसिक आधाराच्या हेल्पलाईनवर स्वयंसेवक म्हणून यायचंय, पण स्वतःलाच अँक्झायटी आहे, जमेल का, असं विचारणारं महिन्यातून कोणी ना कोणी भेटतंच. जमतं. मी अडीच वर्षं करतेय, रोज रात्री एक गोळी घेऊन. पण माझं कुठे फसलं ते आधी ऐकून घ्या.

ऐकायचं कसं, सल्ला का द्यायचा नाही, हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतातच, ते सोडते. एक गोंधळ तेवढा मिटवते. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासूनचा. तिथे नेमलेले काउन्सेलर असतात आणि गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. आपण जातो ते संस्थांच्या हेल्पलाईनवर, आठवड्याला एखादी शिफ्ट करायला. आमचं केंद्र म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतल्या एका जुन्या घराची मागची खोली. दोन फोन, भिंतीला चिकटवलेला प्रश्नांचा कागद, आणि एक कूलर, जो मे महिन्यात फोनवरच्या माणसापेक्षा मोठ्यानं बोलतो.

मला वाटलं होतं, माझी पंचाईत कॉल चालू असताना होईल. धडधड, हाताला घाम, आवाज कापणं. तसं फारसं झालं नाही. फोन उचलला की समोरच्याचं इतकं काही असतं की स्वतःकडे लक्षच जात नाही. घात झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिसऱ्या की चौथ्या शिफ्टला एका मुलाचा कॉल आला. काय बोलला ते लिहिणार नाही, नियमच आहे. बोलता बोलता फोन कटला. आम्ही नाव विचारत नाही, आमच्याकडे नंबर दिसत नाही, उलटा फोन करत नाही. मी शीट भरली, मेट्रोनं घरी आले, जेवले, झोपलेही. सकाळी सहाला पेपर पडल्याचा आवाज आला आणि मी बाबांच्या आधी फाटकाशी. शहराचं पान उघडून बोटानं एकेक बातमी खाली खाली वाचत गेले. तरुण, वय अंदाजे इतकं, अमुक वस्तीतला. काही नव्हतं. हायसं वाटलं. चहा होईपर्यंत टिकलं ते. मग वाटलं, बातमी उद्या येत असेल तर?

पुढचे सात आठवडे मी हे रोज केलं. एका पेपरचे तीन झाले, मग मोबाईलवर बातम्या. बाबा एकदा म्हणालेच, "काहून बाई, पेपरात काय शोधून राहिली तू रोज?" मी म्हटलं, सेल बघतेय.

ही त्या मुलाबद्दलची काळजीच आहे, असं मला वाटत होतं. माझ्या मनाला पाझर आहे, म्हणून मी विसरू शकत नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. वास्तविक मी गॅसचा नॉब बंद केला का ते बघायला शंकरनगर चौकातून परत घरी गेलेली बाई आहे, एकदा नाही, अनेकदा. पेपर हा माझा नवा नॉब होता. खात्री केली की दहा मिनिटं सुटका मिळते, आणि ती सुटका मिळते म्हणूनच मेंदू पुन्हा खात्री करायला लावतो. नॉब निदान हात लावून बघता तरी येतो. त्या मुलाचं काय झालं ते मला कधीच कळणार नव्हतं. आजही माहीत नाही.

एका सकाळी त्याच वयाच्या मुलाची बातमी सापडली. पावणेसातला मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला, रडत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बातमीत नाव आहे. तुझ्याकडे नाव होतं का?" नव्हतं. "मग तोच कशावरून?" थोडं थांबून म्हणाल्या, "आज शिफ्टला येऊ नको. तुझ्या डॉक्टरकडे जा."

तेव्हा राग आला होता. पण नंतर सरावाचा कॉल घेताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. वीस मिनिटांत मी चार वेळा विचारलं होतं, "आता जरा बरं वाटतंय ना?" वाक्य प्रेमळ आहे, पण प्रश्न माझ्यासाठी होता. समोरचा माणूस भला असेल तर तुमचं मन राखायला "हो" म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणजे ज्याला धीर हवा होता, त्यानंच तुम्हाला धीर दिला. पेपर उघडणारं बोट आणि हे वाक्य, दोन्ही एकाच जागेतून येतात. अँक्झायटी असलेल्यांनी आपल्या तोंडातली ही वाक्यं मोजावीत. "प्रॉमिस करा काही करणार नाही" हे त्यातलंच.

त्याच धास्तीनं मी थेट प्रश्नही टाळत होते. आत्महत्येचा विचार येतोय का, हे त्याच शब्दांत विचारावं लागतं. विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते. आणि कोणी घाबरून विचारलं की पोलीस केस होईल का, तर माझ्यासारखं ततपप करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आधीच वाचून ठेवा. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम ठरवतो.

पेपर एका दिवसात सुटला नाही. थेरपिस्टनं आधी अर्धा तास थांबायला सांगितलं, मग दुपारपर्यंत. शेवटी बाबांना खरं सांगितलं आणि ते शहराचं पान संध्याकाळपर्यंत उशाखाली ठेवायला लागले. "कर मन घट्ट" असं सांगणारे सीनियर सगळीकडे भेटतील, त्यांच्याकडून फक्त रजिस्टर कसं भरायचं ते शिका. "तुला स्वतःला त्रास आहे, म्हणून तुला जास्त कळतं" असं म्हणणारे त्याहून वाईट. मला ते इतकं गोड लागलं की एका बाईंना मी माझीच कहाणी ऐकवत बसले होते. आणि दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून नावापुढे काउन्सेलर लावणाऱ्यांबद्दल मी इथे न बोललेलंच बरं.

मुलाखतीत त्रास लपवू नका. मी लपवला होता. सांगितल्यावर केंद्रानं नाही म्हटलं तर दुसरं केंद्र बघा, पण लपवलंत तर पावणेसातला फोन कुणाला करणार? गोळी नवीन असेल किंवा डोस बदलला असेल, तर ते आठवडे शिफ्ट घेऊ नका, आणि शिफ्टसाठी म्हणून डोस स्वतःहून तर अजिबात हलवू नका. रात्रपाळी मी घेत नाही, झोप मोडली की माझं गाडं तीन दिवस रुळावर येत नाही. शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटं सुपरवायझरशी बोलल्याशिवाय उठू नका, शेवटची मेट्रो निघून गेली तरी चालेल. ऑटोचे पैसे मी अजून तरी वाया गेलेले पाहिले नाहीत. घाणेरडं बोलणारे कॉल येतील, भरपूर येतील. ते कापायची मुभा असते, कापा. घरी आल्यावर पाय धुवा, जेवा.

या महिन्यात माझं नाव तक्त्यावर नाही. डोस वाढवलाय, दुपारी तीनला झापड येते. मॅडम म्हणाल्या, ऑगस्टमध्ये बघू.