पाया पूर्णांक नसेल तेव्हा या चुका टाळा

२ ही संख्या सुवर्ण गुणोत्तराच्या पायात, म्हणजे दहाच्या घातांऐवजी फाय (= १.६१८...) चे घात घेऊन लिहायची आहे. उत्तर १०.०१. ग्रीडी पद्धत साधी: मावेल तो सर्वांत मोठा घात वजा करायचा, बाकीवर पुन्हा तेच. फाय वजा केल्यावर ०.३८१९६६... उरतं, आणि ते नेमकं फायच्या उणे दुसऱ्या घाताइतकं असतं.

इथेच प्रोग्राम फसतो. राउंडिंगमुळे ही बाकी केसभर जरी कमी पडली, तरी १ च्या जागी ० येतो आणि १०.००१०१०१... अशी रांग सुरू होते. मग लोक लूपमध्ये चूक शोधत बसतात. दोष लूपचा नाही, दशांशांचा आहे. बाकी पूर्णांकांच्या जोडीत ठेवा, पहिला सुटा आणि दुसरा फायच्या पटीचा: २ वजा फाय म्हणजे (२, −१). फायचा वर्ग = फाय + १ हा नियम वापरला की उणे दुसऱ्या घाताची जोडीही (२, −१) च निघते. वजाबाकी शून्य, काम संपलं.

ती लांबलेली रांगसुद्धा न तोडता अनंतापर्यंत नेली, तर किंमत बरोबर २ च भरते! म्हणूनच ‘मांडणी वेगळी, म्हणजे संख्या वेगळी’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. दशमानात ०.९९९... = १ हा अपवाद असतो, इथे तोच रिवाज होतो. एर्डोश, योओ आणि कोमोर्निक या गणितज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की पाया बीटा १ आणि फाय यांच्या मधला असेल, अंक फक्त ० आणि १ असतील, तर ० आणि १/(बीटा − १) यांच्या मधल्या प्रत्येक संख्येला अनंत मांडण्या असतात. तेव्हा तुलना करण्याआधी दोन्ही संख्या ग्रीडी रूपात आणा. फायच्या पायात त्याची खूण सोपी आहे: शेजारी-शेजारी ११ नको, आणि शेवटी न संपणारी १०१०... नको. कुठल्याही पायासाठीची अशी कसोटी गणितज्ञ पॅरी यांनी १९६० मध्ये दिली.

अंक निवडतानाही घाई होते. पाया २.५ असेल तर ०, १, २ हे तिन्ही हवेत. नुसत्या ० आणि १ वर बिंदूच्या उजवीकडे ०.६६६... च्या पुढे जाताच येत नाही, अलीकडेही फटी राहतात.

आणि बेरीज करताना हातचा फक्त डावीकडे नेऊ नका. फायच्या पायात एकाच घरात १ + १ झाले, तर एक हातचा डावीकडे एक घर जातो, दुसरा उजवीकडे दोन घरं. वरच्या १०.०१ मधला शेवटचा १ तोच आहे.