बिडाचा तवा चिकटतोय? माळ्यावर टाकू नका

नॉनस्टिकचा थर वर्षभरात खरवडला गेला म्हणून हौसेने बिडाचा तवा आणावा आणि पहिलंच घावन तळाला घट्ट चिकटावं, यासारखा वैताग नाही. माझ्या भाचीने तर तो तवा भंगारात द्यायला काढला होता. तवा वाईट नसतो, तो फक्त तयार झालेला नसतो.

नवा तवा गरम पाण्याने, काथ्याने घासून काळं पाणी येईनासं होईपर्यंत धुवा. लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग चमचाभर तेल सगळीकडे चोळा, कडा आणि मागची बाजूसुद्धा. आता खरं काम: दुसऱ्या सुती फडक्याने ते तेल पुसून काढा, जणू चुकून लागलं होतं. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. खिडकी उघडून तवा धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चारदा करा. तापलेल्या तेलाचा कडक थर लोखंडावर बसतो, तोच पुढे घावन सोडवतो.

घावन घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. कड सुटेपर्यंत उलथनं लावू नका. सुरुवातीला टोमॅटो, चिंच, कोकम टाळा. आंबटाने थर जातो. पोळ्यांचा तवा मात्र वेगळाच ठेवा.

गंज दिसला तर घासून पुन्हा तेल द्या.