अ‍ॅल्युमिनियमवाल्या लसीतलं अँटिजेन तपासायचंय? मग आदल्या दिवशीच हे उरकून ठेवा

धनुर्वात, घटसर्प, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही या लसींतलं अँटिजेन (ज्याला ओळखून शरीर प्रतिकार करतं तो भाग) मोकळं नसतं, अ‍ॅल्युमिनियमच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. त्यामुळे एलायझाचा (अँटिबॉडी वापरून अँटिजेन मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा कमी आला की प्रश्न पडतो: अँटिजेन बिघडलंय, की कणांवरून सुटलंच नाही? नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) नव्याने लागलेली मंडळी हा प्रश्न आकडा हातात पडल्यावर विचारतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण उत्तराची सोय तयारीतच करावी लागते.

आधी नमुना आणायचं बघा. ठाण्याहून बॉक्स यायचा असेल तर डीप फ्रीझरमधला आइसपॅक तसाच आत टाकू देऊ नका. पॅक बाहेर काढून ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं की मगच भरायचा. ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की सगळ्यांना उकाड्याची धास्ती, पण या लसींचा खरा वैरी गारठा. २ ते ८ अंश, त्याखाली नाही. एकदा गोठली की कणांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावरही ते सुटत नाहीत. शंका असेल तर शेक टेस्ट करा, म्हणजे हलवून कण किती झटपट खाली बसतात ते बघा. त्यासाठी त्याच बॅचची एक वायल (कुपी) रात्रभर मुद्दाम गोठवावी लागते, म्हणजे हेही आदल्या संध्याकाळचंच काम. सकाळी ती वितळवून दोन्ही वायल एकत्र हलवा आणि टेबलावर ठेवा. संशयित वायलही तितक्याच झटपट खाली बसली, तर ती बाद. नीट तरंगत राहिली तरी हुरळून जाऊ नका. उष्णतेने बिघडलेलं अँटिजेन या टेस्टला ओळखू येत नाही.

आता बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. लसीत अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड आहे की फॉस्फेट, ते लेबलवर वाचून घ्या. तटस्थ पीएचला हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावर धन प्रभार असतो, फॉस्फेटवर ऋण. सवयीने पीबीएसची (फॉस्फेट घातलेल्या सलाइनची) बाटली उचलाल, तर त्यातला फॉस्फेट हायड्रॉक्साइडवर जाऊन बसतो आणि अँटिजेन तुमच्या नकळत सुटायला लागतं. सुटं अँटिजेन किती आहे हे मोजायचं असेल त्या दिवशी पातळ करायला साधं सलाइनच बरं. मुद्दाम सोडवायचं असेल तेव्हा तीव्र फॉस्फेट किंवा सायट्रेट वापरा, पण बेताने. फार कडक उपाय केला तर अँटिजेन सुटतं खरं, पण त्याची घडी मोडते आणि अँटिबॉडी त्याला ओळखत नाही. एलायझात रंग आणणारं एन्झाइमही आत्ताच ठरवा. अल्कलाइन फॉस्फटेज फॉस्फेट आणि ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) दोन्हींपुढे मान टाकतं, तर पेरॉक्सिडेजला सोडियम अझाइड (बफर टिकवायला घालतात ते) चालत नाही. बफर तयार करणारा आणि प्लेट लावणारा वेगवेगळे असतील तर एवढं तरी एकमेकांशी बोला. प्रथिन बीसीएने (तांब्याच्या आयनांमुळे येणाऱ्या रंगावरून) मोजणार असाल तर ईडीटीए तिथेही नडतो.

नमुना घेताना वायल हळूवार उलटीपालटी करा, फेस नको. कण बघता बघता तळाशी जातात, म्हणून प्रत्येक वाटा काढण्याआधी पुन्हा मिसळायचं. एकदाच हलवून सहा नळ्या भरल्या की सहावीत कण कमी-जास्त आलेच म्हणून समजा. टिप रुंद तोंडाची आणि नळ्या प्रथिन न धरणाऱ्या घ्या, नाहीतर सोडवलेलं अँटिजेन प्लास्टिकलाच चिकटतं. अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण काढायला वेगळा वाटा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका मात्रेला १.२५ मिलिग्रॅम आहे. पीएच मोजायचं काम किरकोळ, पण विसरू नका. पावसाळा असेल तर एमआयडीसीत विजेचा शटडाउन जाहीर झालाय का बघा आणि इन्क्युबेटर यूपीएसवर आहे याची खात्री करा.

कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी लावायच्या नमुन्यांत) मात्र काटकसर नको. अँटिजेन नसलेलं नुसतं अ‍ॅल्युमिनियमचं जेल लावा, म्हणजे बफर आणि कणांचा गोंधळ कळेल. ठरावीक अँटिजेन त्याच जेलवर चढवून परत सोडवून बघा. पण ताजं चढवलेलं सहज सुटतं, तर महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये राहिलेलं घट्ट धरून बसतं. हिपॅटायटिस बीचं अँटिजेन हायड्रॉक्साइडवर तर विशेषच हटवादी. म्हणून नमुन्याच्याच वयाची, आधी पास झालेली राखीव बॅच शेजारी लावा. दोघींचा आकडा सारखाच उतरला, तर दोष बहुतेक तुमच्या सोडवण्याच्या पद्धतीत आहे.

आणि सेंट्रीफ्यूजनंतर तळाशी उरलेला गाळ बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. त्यासाठी नाव घातलेल्या नळ्या आणि एसडीएस (प्रथिनाची घडी उलगडणारं रसायन) असलेला बफर तयार हवेत. गाळ त्यात उकळून इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेने प्रथिनं वेगळी करणाऱ्या) जेलवर चालवा. बँड दिसला तर अँटिजेन तिथेच अडकलं होतं. नाही दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नका, कारण उकळूनही सगळं सुटतंच असं नाही. प्राण्यांवरच्या पोटेन्सी (लसीच्या ताकदीच्या) चाचणीचा निकाल येईपर्यंत रजिस्टरात फक्त मिळालेला आकडा लिहा, कारणाचा रकाना मोकळा सोडा.